खरेदीखत १९९८ चे, सातबारा मात्र विकणाऱ्याच्या मुलांच्या नावे: कोणती नोंद आधी, कोणती नंतर

प्रश्न थोडक्यात असा. वडिलांनी १९९८ मध्ये नोंदणीकृत खरेदीखताने २ हेक्टर ८५ आरच्या गटातली १ हेक्टर २० आर जमीन विकत घेतली. सातबाऱ्यावर नाव चढले की नाही, हे कुणी पाहिले नाही. पुढे विकणारा वारला आणि पूर्ण गटाला त्याच्या मुलांची नावे वारसाने लागली. २०१६ मध्ये वडीलही गेले. मागे आई, दोन भाऊ आणि एक लग्न झालेली बहीण आहे. बहीण आपला हिस्सा भावांना सोडायला तयार आहे. विकणाऱ्याची मुले म्हणतात, "नवीन खरेदीखत करून देतो, विषय मिटवू." गावातले जाणकारही तेच सुचवतात. करावे का?

करू नका. सोपा वाटणारा हा रस्ता पुढे तीन ठिकाणी अडतो. शंभर रुपयांवरच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ सांगते. तुमच्या बाबतीत ती १९९८ लाच झाली आहे. त्या दिवसापासून १ हेक्टर २० आर विकणाऱ्याची राहिली नाही, म्हणून ती त्याच्या मुलांना वारसाने मिळालीही नाही. जे त्यांचे नाही, ते त्यांच्याकडून विकत घेण्यात काय अर्थ? दुसरे, नवा दस्त घेतला की तुम्ही त्यांना मालक म्हणून लेखी मान्यता देता, आणि उद्या त्यांच्याच एखाद्या बहिणीने "माझी सही कुठे आहे?" म्हटले की तुमच्या हातात उत्तर उरत नाही. आजच्या बाजारमूल्यावर मुद्रांक आणि नोंदणी फी जाते ती वेगळीच. तिसरी अडचण तुमच्याच घरातली आहे. नवा दस्त सहसा दोन भावांच्या नावाने होतो. आईचा आणि बहिणीचा वडिलांकडून आलेला हिस्सा कागदावर दिसेनासा होतो आणि आज नसलेला वाद तयार होतो.

तुम्हाला नवी मालकी मिळवायची नाही. झालेल्या मालकीची नोंद ओळीने लावून घ्यायची आहे. ती ओळ अशी: आधी १९९८ ची खरेदी, मग वडिलांचे वारस, मग बहिणीचे हक्कसोड, आणि हवी असेल तर शेवटी वाटणी. फेरफार म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद. ती ज्या संगणक प्रणालीत होते, त्या ई-फेरफारमध्ये सातबाऱ्यावर नसलेल्या खातेदाराचा वारस फेरफार घेता येत नाही. त्यामुळे हा क्रम उलटला तर काम तिथेच थांबते.

सातबारा मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा स्पष्ट केले आहे. पण तो बिनकामाचा कागद आहे असेही कुणी समजू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे प्रमाणित नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानली जाते. बँक, पीकविमा, भूसंपादनाचा मोबदला, सगळे त्या उताऱ्याकडे बघून चालते. आणि उताऱ्यावर ज्याचे नाव आहे, त्याला तीच जमीन पुन्हा विकण्याचा मोह होतो. खरा धोका हा आहे.

नोंद का राहिली, हे आधी शोधा

थेट अर्ज टाकण्याआधी दोन-तीन दिवस रेकॉर्डमध्ये घालवा. कारण सापडले की उपाय आपोआप ठरतो. तहसील अभिलेख कक्षातून त्या गावचे १९९८ ते २००१ या काळातले गाव नमुना ६, म्हणजे फेरफार रजिस्टर पाहायला मागा आणि तुमच्या गटाच्या सगळ्या फेरफारांच्या नकला घ्या. सोबत १९९५ पासूनचे हस्तलिखित सातबारे घ्या. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन होऊन ऑनलाइन आले आहेत, पण पान फिके असेल तर मूळ रजिस्टरच बघा. शेवटच्या स्तंभातला मंडळ अधिकाऱ्याचा शेरा स्कॅनमध्ये नेमका तिथेच वाचता येत नाही.

यातून चारांपैकी एक गोष्ट बाहेर येते.

फेरफार धरला गेला होता, मंजूरही झाला होता, पण सातबाऱ्यावर अंमल दिला गेला नाही. सातबाऱ्याचे पुनर्लेखन झाले तेव्हा किंवा हस्तलिखितावरून संगणकावर उतरवताना नाव गळले. ही सर्वांत हलकी बाब. कलम १५५ खाली लेखनप्रमादाची दुरुस्ती म्हणून तहसीलदारांकडे अर्ज करायचा. मंजूर फेरफाराची नक्कल, त्याच्या आधीचा आणि नंतरचा सातबारा, एवढ्यावर आदेश होतो. समोरच्यांना नोटीस जाते, पण त्यांच्याकडे फार काही बोलायला नसते.

फेरफार धरला होता, पण "रद्द" झाला. इथे शेरा अक्षर न् अक्षर वाचा. त्या काळी कारणे ठरलेली असत: खरेदीदार शेतकरी असल्याचा पुरावा नाही (कूळ कायद्याचे कलम ६३), जमीन त्याच कायद्याच्या कलम ४३ च्या अटीची (कुळाला मिळालेली) किंवा भोगवटादार वर्ग २ ची (सरकारने अटीवर दिलेली) आहे आणि परवानगी घेतलेली नाही, किंवा तुकडेबंदीचा, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा न विकण्याच्या नियमाचा, भंग. कारण "खरेदीदार गैरहजर, पुरावा सादर नाही" एवढेच असेल तर बाजू तुमची आहे. परवानगीचे कारण असेल तर मात्र आधी त्या अटीचा निकाल लावावा लागतो, नाहीतर प्रत्येक अधिकारी त्याच शेऱ्यावर बोट ठेवेल. कुळाने कलम ३२ खाली विकत घेतलेल्या जमिनीला, ३२-म चे खरेदी प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे झाली असतील तर, २०१४ च्या दुरुस्तीनंतर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा सरकारकडे भरून विक्रीची मोकळीक मिळते. पण ती पुढच्या विक्रीची. १९९८ चा दस्त त्याआधीचा असल्याने शर्तभंगाचा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावा लागतो. हा भाग वकिलाशिवाय करू नये.

फेरफार धरलाच गेला नाही. हे सर्वांत जास्त आढळते. जमीन महसूल संहितेच्या कलम १५४ प्रमाणे दुय्यम निबंधकाने दस्ताची माहिती महसूल खात्याला कळवायची असते, पण तेव्हा ती कागदावर जात असे आणि वाटेत राहत असे. खरेदीदाराला वाटे, रजिस्ट्री झाली म्हणजे सगळे झाले. कलम १४९ ने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे बंधन घातले आहे, पण नोंदणीकृत दस्ताने हक्क मिळालेल्याला त्याच कलमात सूट आहे. तेव्हा "तीन महिने उलटले, आता नोंद होत नाही" असे कुणी म्हणाले तर कलम पूर्ण वाचून दाखवा.

चौथी शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही: दस्त नोंदणी कार्यालयातच अडकला असेल. नव्वदच्या दशकात कमी किंमत दाखवली या संशयावरून पुष्कळ दस्त मूल्यांकनासाठी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले, फरकाची नोटीस निघाली, ती भरली गेली नाही आणि मूळ दस्त कार्यालयातच पडून राहिला. घरात मूळ खरेदीखताऐवजी नुसती पावती सापडत असेल तर हीच शंका घ्या. फरक आणि त्यावर दरमहा २ टक्क्यांचा दंड भरून दस्त मोकळा करावा लागतो. २०२३ च्या डिसेंबरात आलेली मुद्रांक अभय योजना १९८० ते २०२० च्या दस्तांसाठी होती. ती संपली, त्या भरवशावर थांबू नका.

दस्त हातात घेऊन काय वाचायचे

मूळ खरेदीखत हरवले असेल तर घाबरण्याचे कारण नाही. दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल आणि सूची क्रमांक २ (दस्ताचा गोषवारा) मिळते. मुंबईबाहेरच्या सूची संगणकावर साधारण २००२ पासूनच्या आहेत. १९९८ साठी कार्यालयात शोध अर्ज देऊन बांधीव पुस्तके बघावी लागतात. तालुक्यात नंतर दुसरे कार्यालय सुरू झाले असेल तर जुने खंड कुठे आहेत, हे आधी विचारा.

दस्तात पाच गोष्टी तपासा. गट क्रमांक आजच्या सातबाऱ्याशी जुळतो का? दस्तात जुना सर्व्हे नंबर असेल तर एकत्रीकरण योजनेचा ९(३)-९(४) उतारा काढून सर्व्हे नंबरचा गट कोणता झाला, ते जोडून दाखवा. क्षेत्र आकड्यात आणि अक्षरात एकच आहे का? चतुःसीमा दिली आहे का? तुम्ही गटाचा भाग घेतला आहे, त्यामुळे "पूर्वेकडील" की "उत्तरेकडील" हा एक शब्द उद्या मोजणीला लाखमोलाचा ठरतो. ताबा दिल्याचा उल्लेख आहे का? आणि सही करणारा एकटाच मालक होता, की सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढे ए.कु.मॅ. असा शेरा होता? तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून सही करत असेल, तर त्याचे भाऊ "आमच्या हिश्श्याची विक्री आम्हाला मान्य नाही" म्हणू शकतात. विक्री कुटुंबाच्या गरजेसाठी होती, हे वाक्य दस्तात असले तर तुमचा भार हलका होतो.

तुकडेबंदीचेही इथेच बघून घ्या. ऑगस्ट २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे प्रमाणभूत (किमान) क्षेत्र आहे, पण १९९८ मध्ये ते जिल्ह्यागणिक वेगळे आणि पुष्कळ मोठे होते. तुमची १ हेक्टर २० आर म्हणजे जवळपास तीन एकर. ती तेव्हाच्या आकड्याखाली जात नाही ना, हे तहसीलमधून विचारून घ्या.

पहिली नोंद: १९९८ ची खरेदी

अर्ज तलाठ्याकडे करायचा. पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी आहे, पण गावात तलाठीच म्हणतात. सोबत खरेदीखताची प्रमाणित नक्कल, सूची २, खरेदीच्या वेळचा सातबारा, वडील त्या तारखेला शेतकरी होते याचा पुरावा म्हणून त्यांच्या दुसऱ्या जमिनीचा तेव्हाचा ८-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा), आणि वडिलांचा मृत्यू दाखला जोडा. अर्जात दोन मागण्या स्पष्ट लिहा: आधी खरेदीचा फेरफार धरावा आणि तो प्रमाणित झाल्यावर लगेच वारसाचा. "मयताच्या नावे नोंद होत नाही" असे सांगून परत पाठवतात, त्याला हेच उत्तर आहे. नोंद मयताच्या नावाने थांबत नाही, त्याच्यातून पुढे जाते. अर्जाची पोच आवक क्रमांकासह घ्या. घेत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा.

इथे एक मुद्दा पक्का लक्षात ठेवा. नोंदणीकृत दस्त समोर आला की नोंद धरायची की नाही, हे तलाठ्याने ठरवायचे नसते. त्याने नमुना ६ मध्ये ओढायची, नमुना ९ ची नोटीस हितसंबंधितांना द्यायची, चावडीवर लावायची. ऑनलाइन ती "आपली चावडी" या संकेतस्थळावरही दिसते. १५ दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. हरकत आली तर प्रकरण ६-अ ला, म्हणजे विवादग्रस्त नोंदवहीत जाते, सुनावणी होते आणि कायद्याप्रमाणे वर्षाच्या आत निकाल द्यायचा असतो. बिनहरकत नोंद महिना-सव्वा महिन्यात होते. हरकतीची मात्र तारखांवर तारखा खाते.

तुमच्या बाबतीत नोटीस विकणाऱ्याच्या मुलांना जाईल. ती हरकत घेतील की नाही, हे बरेचसे तुम्ही काय मागता यावर ठरते. गट २ हेक्टर ८५ आरचा आहे आणि वडिलांनी घेतली १ हेक्टर २० आर. उरलेली १ हेक्टर ६५ आर आजही त्यांचीच आहे. तेव्हा "त्यांचा वारस फेरफार रद्द करा" अशी मागणी करू नका. ती चूकही आहे आणि विनाकारण भांडण लावणारीही. "१ हेक्टर २० आर त्यांच्या खात्यातून कमी करून आमच्या खात्यात घ्यावी" एवढेच मागा. नवा दस्त करून द्यायला जी मंडळी तयार आहेत, ती मंडळ अधिकाऱ्यासमोर "वडिलांनी जमीन विकली, ताबा दिला, नोंदीस हरकत नाही" असा जबाब द्यायलाही तयार होतील. त्या जबाबाला मुद्रांक लागत नाही. त्यांनी नव्या दस्ताच्या बदल्यात पैसे मागितले असतील, तर मात्र हे हरकतीचेच प्रकरण आहे असे धरून चला.

हरकत आली आणि निकाल विरुद्ध गेला, किंवा "चालू सातबाऱ्यावर तुमच्या विक्रेत्याचे नावच नाही" म्हणून नोंद नाकारली, तर संहितेच्या कलम २४७ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अपील. मुदत ६० दिवस. जुन्या वारस फेरफाराविरुद्धही अपील लागणार असेल तर उशीर माफ करण्याचा अर्ज जोडा आणि तो फेरफार तुम्हाला केव्हा कळला, हे कागदाने दाखवा. ज्या दिवशी पहिल्यांदा तो सातबारा काढला, त्या दिवशीची डिजिटल सहीची प्रत जपून ठेवा. १५ रुपयांच्या त्या प्रतीवरची तारीख इथे तुमची साक्षीदार होते.

समोरचे "सहीच आमच्या वडिलांची नाही" किंवा "पैसे मिळाले नाहीत" म्हणाले तर? महसूल अधिकाऱ्याने त्यात शिरायचे नसते. नोंदणीकृत दस्त दिवाणी न्यायालयाने रद्द केलेला नाही, तोवर नोंद त्यावरच करायची. दस्त रद्द करून मागण्याची मुदत, बाब कळल्यापासून, तीन वर्षे आहे. पैसे राहिले म्हणून विक्री आपोआप मोडत नाही, विकणाऱ्याचा फक्त बाकी रकमेपुरता बोजा राहतो.

खरी अवघड स्थिती दोनच. मुलांनी मधल्या काळात तोच भाग तिसऱ्याला विकला असेल, किंवा ताबा १९९८ पासून कधी तुमच्याकडे आलाच नसेल. तिसऱ्याला विकला असेल तर कायदा तुमच्या बाजूला आहे: आधीचा नोंदणीकृत दस्त सगळ्या जगाला सूचना मानला जातो आणि नंतरच्याला देणाऱ्याकडे नव्हते ते मिळत नाही. पण ते सातबाऱ्याच्या अर्जावर होत नाही, दिवाणी दावा लागतो. ताबाच नसेल तर बारा वर्षांचा हिशेब सुरू होतो. त्यांचा ताबा केव्हापासून तुमच्या हक्काविरुद्ध होता, यावर सगळे अवलंबून. अशा वेळी महसूल कार्यालयात एक दिवसही न घालवता थेट वकिलाकडे जा. ताबा तुमचा असेल तर आतापासूनच पुरावा गोळा करा: पंपाचे वीजबिल, शेतसाऱ्याच्या पावत्या, जुन्या नमुना १२ (पीकपाहणी) वरची कसणाऱ्याची नावे.

काम चालू असताना कुणी नवा दस्त करू नये म्हणून लोक दुय्यम निबंधकाकडे हरकतीचा अर्ज देतात. त्याने दस्त थांबत नाही. मालकी कुणाची, हे तपासणे निबंधकाचे काम नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका प्रकरणात पुन्हा सांगितले. थांबवायचे तर न्यायालयाचा मनाई हुकूमच लागतो.

दुसरी नोंद: वारस

हे सोपे आहे, फक्त माणसे मोजताना चूक होते. वडिलांची जमीन स्वकष्टार्जित खरेदीची. मृत्युपत्र नसेल तर ती हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे पहिल्या वर्गातल्या वारसांना समान जाते: पत्नी, मुलगे, मुलगी आणि मयताची आई. तुमची आजी २०१६ मध्ये हयात होती का? असेल तर तीही वारस होती आणि ती नंतर गेली असेल तर तिचा हिस्सा तिच्या सगळ्या मुलांकडे, म्हणजे तुमच्या काका-आत्यांकडेही जातो. हे नाव गाळल्यामुळे बिघडलेले वारस फेरफार थोडेथोडके नाहीत. मुलींना समान हक्क देणाऱ्या २००५ च्या दुरुस्तीचा दाखला इथे सगळे देतात, पण तो एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीचा विषय. खरेदीच्या जमिनीत मुलीला १९५६ पासूनच समान वाटा आहे.

आजी आधीच गेली होती असे धरले तर चौघांना ३० आर प्रत्येकी. अर्ज ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून करा. मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची वंशावळ आणि वय-नाते-पत्ता लिहिलेले स्वयंघोषणापत्र लागते. नोंद गाव नमुना ६-क (वारस नोंदवही) मधून फेरफाराला येते. २०२५ च्या "जिवंत सातबारा" मोहिमेनंतर ही कामे बऱ्यापैकी वेगाने होतात. बहिणीचे नाव सासरच्या आणि माहेरच्या, दोन्ही नावांनी लिहा, कारण पुढे हक्कसोड पत्रावर आधारचे नाव येणार आणि उताऱ्यावर माहेरचे असले की फेरफार अडतो. बहिणीचे नाव "इतर हक्कात" (मालकीशिवायच्या हक्कांच्या स्तंभात) टाकण्याची जुनी खोड अजून कुठे कुठे दिसते. ते भोगवटादार, म्हणजे धारकांच्या, स्तंभातच आले पाहिजे. आणि "नाहीतरी ती सोडणारच आहे" म्हणून तिचे नाव गाळू नका. आधी लागले तरच ते कायद्याने सोडता येते.

तिसरी: हक्कसोड

तलाठ्यासमोरचा जबाब, नोटरीचे प्रतिज्ञापत्र, शंभराच्या कागदावरची संमती, यातल्या कशानेही स्थावरातला हक्क सुटत नाही. नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे हक्कसोड पत्र नोंदणीकृतच हवे. रक्ताच्या नात्यातल्या हक्कसोडीला मुद्रांक अनुच्छेद ५२(अ) प्रमाणे ठरीव, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये. नोंदणी फी आणि दस्त हाताळणी शुल्क वेगळे. त्या अनुच्छेदात शब्द "वडिलोपार्जित" असा आहे. वडिलांकडून वारसाने आलेली मिळकत त्यात सहसा स्वीकारतात, पण निबंधकाने शंका काढली तर वाद घालत बसण्यापेक्षा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय (किती मुद्रांक लागतो याचा निर्णय) करून घ्या. बहिणीला पैसे देणार असाल तर ते बँकेतून द्या आणि दस्तात लिहा. मुद्रांकावर त्याचा परिणाम काय, हे आधी विचारा. "विनामोबदला" लिहून मागच्या दाराने पैसे दिले की पुढे तिलाही आणि तुम्हालाही सिद्ध करता येत नाही.

हक्क कुणाच्या लाभात सोडला, हे एक वाक्य क्षेत्र बदलते. "दोघा भावांच्या लाभात" लिहिले तर आईचे ३० आर तसेच राहतात आणि भावांना ४५-४५ आर होतात. "सर्व सहहिस्सेदारांच्या लाभात" लिहिले तर तिघांना ४०-४० आर. टंकलेखकाच्या तयार मसुद्यात यातले काय आहे, हे बघितल्याशिवाय सही करू नका.

सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करायचा. त्यापुढे आणखी चार महिने मिळतात, पण नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंडाने. दोन साक्षीदार, सगळ्यांचे मूळ आधार, पॅन, ताजा सातबारा न्या. आई चालू-फिरू शकत नसेल तर गृहभेटीची सोय आहे. बहीण परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरी आणि अपॉस्टिल (तिथल्या सरकारचे प्रमाणीकरण) करून पाठवावे आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा. त्यात नुसता "व्यवहार पाहणे" असा अधिकार पुरत नाही, गट क्रमांक लिहून हक्कसोड करण्याचा स्पष्ट अधिकार हवा.

माहिती भरताना गट क्रमांक प्रणालीतून निवडला गेला पाहिजे. हाताने टंकला तर ई-फेरफारला दस्ताची जोडणी होत नाही आणि १९९८ ची गोष्ट पुन्हा सुरू होते. सूची २ त्याच दिवशी कार्यालयाच्या बाहेर पडण्याआधी वाचा: नावाचे स्पेलिंग, गट, क्षेत्र. तिथली चूक तशीच्या तशी फेरफारात उतरते आणि मग चूक दुरुस्ती पत्रासाठी बहिणीला पुन्हा बोलवावे लागते.

वाटणी आणि मोजणी

वाटणी घाईची नाही. सगळे राजी असतील तर संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप होते, शेतजमिनीच्या वाटणीला मुद्रांक १०० रुपये आहे. ४५, ४५ आणि ३० आर यातला कोणताही वाटा जिरायतीच्या २० गुंठ्यांखाली जात नाही, तेव्हा तुकडेबंदी आड येत नाही. त्याआधी मात्र तुमची १ हेक्टर २० आर विकणाऱ्याच्या मुलांच्या १ हेक्टर ६५ आरपासून जागेवर वेगळी झाली पाहिजे. भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे पोटहिश्श्याची मोजणी लावा, शेजारच्या खातेदारांना नोटिसा जाऊ द्या आणि हद्दीच्या खुणा त्यांच्यासमोरच रोवून घ्या. त्या मुलांनी पूर्ण गटावर पीककर्ज काढले असेल तर इतर हक्कात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा दिसेल. तो तुमच्या हिश्श्यावर येऊ नये म्हणून बँकेला खरेदीखताची नक्कल देऊन बोजा त्यांच्या १ हेक्टर ६५ आरपुरता करून मागा, आणि हे पत्र मोजणी होईपर्यंत न थांबता खरेदीचा फेरफार प्रमाणित झाल्याच्या आठवड्यातच द्या.